अभ्यासकेंद्राला कारखान्यावर येऊ द्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



दसरा होऊन आठ दिवस झाले. सावरगाव घाटचा दसरा मेळावा उरकला आणि दुसऱ्या दिवसापासून पाटोद्याच्या रस्त्यावर रात्रीचे ट्रक सुरू झाले. ट्रकमध्ये खाली बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, भांड्यांचं बोचकं, राहायच्या कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. त्यावर माणसं, आणि माणसांच्या मांडीवर लेकरं. कुणी कोल्हापूरकडे निघालेलं, कुणी सांगलीकडे, कुणी निपाणीच्या पुढं कर्नाटकात. आमच्याकडे ‘ऊसतोडीला गेला’ असं फारसं कुणी म्हणत नाही, ‘कारखान्याला गेला’ म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल आता सहा महिने ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. दोन माणसं, पण वहीत नाव एका हत्याराचं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं.

या ट्रकमध्ये दरवर्षी माझे काही विद्यार्थी असायचे. म्हणून हे पत्र.

मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आठवडाभर शाळा आणि रविवारी दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, असं बावीस वर्षं केलं. आमचा पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगरात आहे. मांजरा नदी इथंच उगम पावते, पण तिचं पाणी अडतं ते पुढं धनेगावच्या धरणात. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात बघायला लांबून लोक येतात. नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. नसतं ते शेताला पुरेल एवढं पाणी. त्यामुळे इथल्या माणसाचं अर्धं वर्ष गावात जातं आणि अर्धं परमुलखात. आपल्या देशातल्या दूरशिक्षणानं या अर्ध्या वर्षाचा विचार अजून केलेला नाही, हे मला आपल्या कानावर घालायचं आहे.

याच दूरशिक्षणाबद्दल आपल्या मंत्रालयाच्या आणि परराष्ट्र खात्याच्या निवेदनांमध्ये ‘प्रादेशिक सहकार्यात भारताचं नेतृत्व’ हे शब्द मी अनेकदा वाचले आहेत. ते खोटे नाहीत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, तेव्हा ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी अजून सात वर्षं दूर होती. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीनं आपण सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. त्यात मराठवाडा नव्हता, पण उपग्रहाचा उपयोग आधी खेड्यासाठी करायचा हा विचार आपला होता. १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ झालं आणि तीन वर्षांनी दिल्लीत इग्नू. या दोन्हींचे पहिले कुलगुरू एकच, जी. रामरेड्डी. पुढं ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

१९८७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हँकुव्हरला राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची बैठक झाली. राष्ट्रकुलातल्या देशांनी दूरशिक्षणात एकमेकांना मदत करावी म्हणून एक स्वतंत्र संस्था काढायचं तिथं ठरलं. तीच कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग. तिला पैसा देणाऱ्या प्रमुख देशांमध्ये भारत आहे. तिचं आशियासाठीचं माध्यम केंद्र १९९४ पासून दिल्लीत आहे. २०१२ ते २०२३ या काळात तिच्या अध्यक्ष होत्या आशा कंवर, ज्या आधी इग्नूत होत्या. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा उपग्रह एज्युसॅट आकाशात गेला. त्याच वर्षी राष्ट्रपती अब्दुल कलामांनी आफ्रिकेतल्या देशांपुढं उपग्रहाच्या जाळ्यातून शिक्षण आणि आरोग्य पोहोचवायची कल्पना मांडली, आणि २००९ मध्ये ते पॅन-आफ्रिकन जाळं सुरू झालं. त्याच्या पुढच्या टप्प्यात, ई-विद्याभारतीत, आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी पाच वर्षांत १५,००० शिष्यवृत्त्या ठरल्या. ५ मे २०१७ ला दक्षिण आशियासाठीचा उपग्रह आपण शेजाऱ्यांना भेट म्हणून सोडला. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि अफगाणिस्तान त्यात सामील झाले.

आणि महाराष्ट्र? माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट नाशिकला घडली. १ जुलै १९८९ ला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इग्नूचे झाले. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या रविवारच्या मंडळींपैकी कित्येकांनी एकमेकांना फोन केले. त्यांना आम्ही कधी भेटलो नव्हतो. पण स्वतः वाचून स्वतःला समजेल असं मराठी पाठ्यपुस्तक ही वस्तू आमच्या हातात आली ती त्या विद्यापीठामुळं. वाणिज्य, शेती, शिक्षणशास्त्र सगळं मराठीत, आणि तेही शिक्षक समोर बसून बोलतोय अशा भाषेत. बारावी न झालेल्या प्रौढानं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा आणि पदवीला बसायचं, ही वाटही त्यांनी काढली. पन्नाशीचा गडी पोराच्या शेजारी बसून परीक्षा देतो, हे दृश्य मराठवाड्यात नवल राहिलं नाही. त्या विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत ती खरोखर पोहोचली.

आमच्या घरांना मात्र सहा महिने कुलूप असतं.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. बारावी होऊन लग्न झालेली, सासर-माहेर दोन्हीकडे कारखान्याला जाणारी माणसं. तिनं बी.ए.ला नाव घातलं. जुलैपासून दसऱ्यापर्यंत एकही संपर्क सत्र चुकवलं नाही. पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर लिहिलेलं सगळं उतरवून घ्यायची, मी पुसलेलं सुद्धा. दसऱ्याच्या आदल्या रविवारी निरोप घ्यायला आली आणि म्हणाली, “मॅडम, तिकडं आपलं सेंटर असंल का कुठं?” ती निघाली होती निपाणीच्या पुढच्या एका कारखान्यावर. मी म्हणाले, “नाही गं.” तिनं मान हलवली आणि स्वाध्यायाचे कोरे कागद पिशवीत घातले.

ते स्वाध्याय तिनं लिहिले. कोपीत, रात्री. पहाटे तीन-साडेतीनला उठून फडावर जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री भरायची असेल तर रात्रीही. त्यातून उरलेल्या वेळात तिनं चार विषयांचे स्वाध्याय पुरे केले आणि गावाकडं येणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरकडं दिले. पाकीट माझ्या टेबलावर आलं तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. कागदांच्या कडा उसाच्या चिकट रसानं काळ्या पडल्या होत्या. अक्षर मात्र एका ओळीतलं.

मी ते स्वीकारले नाहीत. नियम तसा होता, आणि नियम पाळणारी म्हणून माझं नाव होतं. ती मे महिन्यात आली तेव्हा मी ते पाकीट तिला परत दिलं. ती भांडली नाही. “पुढच्या साली आधीच लिहून ठिवते,” एवढंच म्हणाली. पुढच्या साली तिनं नाव घातलं नाही. पुस्तकं तिनं ठेवून घेतली. कारखान्याला जाताना ती पत्र्याच्या पेटीत असतात, हे मला तिच्या जावेनं सांगितलं.

मंत्रिमहोदय, त्या दिवशी चूक माझी होती. अकरा दिवसांची सूट मागणारं एक पत्र मी वर लिहू शकत होते, मी लिहिलं नाही. ते न लिहिलेलं पत्र आज उशिरा लिहिते आहे असं समजा. पण पुढच्या काळात मी या गोष्टीवर विचार करत राहिले, आणि माझ्या एकटीच्या चुकीपलीकडचं काही दिसू लागलं.

दूरशिक्षण उभं आहे ते एका समजुतीवर. विद्यार्थी एका जागी आहे आणि विद्यापीठ लांब आहे. म्हणून पुस्तक पोस्टानं त्याच्या गावी पाठवायचं, गावाजवळ अभ्यासकेंद्र काढायचं, उपग्रहानं आवाज आणि चित्र त्याच्यापर्यंत न्यायचं. गृहिणीसाठी, कारकुनासाठी, सैनिकासाठी, शेतकऱ्यासाठी ही रचना चांगली चालली. आमच्याकडे मात्र विद्यार्थीच लांब जातो, आणि तो लांब जातो तेव्हा विद्यापीठ त्याच्या रिकाम्या घरी येऊन उभं राहतं.

वेळापत्रक बघा. प्रवेश पावसाळ्यात होतात. तेव्हा माणसं गावात असतात. पुस्तकं हातात येईपर्यंत दसरा जवळ येतो. संपर्क सत्रं आणि स्वाध्याय यांचा मुख्य काळ नोव्हेंबर ते मार्च. नेमका गळीत हंगाम. उन्हाळ्यातली परीक्षा आमच्या माणसाला सोयीची, कारण तोवर पट्टा पडलेला असतो. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. त्यातली जूनची जमते, डिसेंबरची नाही. आता सगळीकडे सत्रपद्धत येते आहे. सहामाही परीक्षा हिवाळ्यात पडली की आमचा विद्यार्थी वर्षाच्या निम्म्या परीक्षांना आपोआप गैरहजर. हे वेळापत्रक कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. ते करताना खोलीत आमच्यापैकी कुणी नव्हतं, इतकंच.

याहून कठीण प्रश्न हद्दीचा आहे. राज्याच्या कायद्यानं झालेल्या मुक्त विद्यापीठानं आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवू नये, असा अनुदान आयोगाचा नियम आहे. तो का आला हे मला माहीत आहे. एका राज्यातली विद्यापीठं दुसऱ्या राज्यांत गल्लोगल्ली केंद्रांची दुकानं मांडत होती आणि पदव्या विकल्यासारख्या वाटल्या जात होत्या. त्याला आळा घालणं गरजेचं होतं. पण त्या दुकानदारीसाठी उभं केलेलं कुंपण आमच्या बाईच्या वाटेत आलं. ती कागलपर्यंत महाराष्ट्राची विद्यार्थिनी आहे, निपाणीच्या पुढं कुणाचीच नाही. तिला इग्नूत नाव घालता येतं आणि इग्नूला देशभर मोकळीक आहे, हे खरं. पण इग्नूचा अभ्यास मुख्यतः इंग्रजी नाहीतर हिंदीत. तिच्या पेटीतली पुस्तकं मराठी आहेत, आणि तिला समजतात म्हणून ती पेटीत आहेत.

दिल्लीतला धडा उपग्रहावरून आफ्रिकेत पोहोचला. आखातात आपल्या मुलांना आपल्या मंडळाच्या परीक्षा तिथल्या तिथं देता येतात. म्हणजे हद्द ओलांडून शिकवणं आपल्याला जमतं. मग एका राज्यातून शेजारच्या राज्यात सहा महिने जाणाऱ्या आपल्याच माणसाला ते का मिळू नये?

आणि हे अशक्य नाही याचा पुरावा आमच्या बायकांच्या पिशवीतच आहे. एक देश एक रेशन कार्ड ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. आता पाटोद्याच्या कार्डावर कोल्हापुरातही धान्य मिळू शकतं आणि बेळगावातही. सुरुवातीला अंगठा उमटत नव्हता, दुकानदार नाही म्हणत होते. अजूनही अडचणी आहेत, पण तत्त्व ठरलं: धान्यावरचा हक्क घराच्या पत्त्याला बांधलेला नाही, माणसाला बांधलेला आहे. २०२१ पासून श्रेयांकांची राष्ट्रीय बँक आहे, म्हणजे एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. श्रेयांक हिंडू शकतात. ते मिळवणारा माणूस हिंडतो तेव्हा मात्र त्याला बसायला वर्ग नाही आणि स्वाध्याय द्यायला खिडकी नाही.

“आता मोबाइल आहे, सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर सगळे अभ्यासक्रम आहेत,” असं मला कुणी ना कुणी नेहमी सांगतं. मोबाइल आहे. बहुतेक कोयत्यामागं एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. चार्जिंग टपरीवर किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. चौदा तास राबलेल्या बाईनं रात्री पाऊण तासाचं व्याख्यान बघावं ही अपेक्षा मी तरी करणार नाही. पण दहा मिनिटांचा मराठी ध्वनिपाठ, भाकरी थापताना ऐकता येईल असा, एकदा उतरवून घेतला की पुन्हा रेंज न लागणारा, हे ती करील. मी कॅसेटच्या काळात माझ्या आवाजात दोन-तीन कवितांचे पाठ करून दिले होते. मुकादमाच्या जीपमध्ये ते वाजायचे आणि सगळी टोळी ऐकायची. दिल्लीच्या त्या राष्ट्रकुल माध्यम केंद्रानं सामुदायिक रेडिओवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ते ज्ञान साखरपट्ट्यात आणायला नवा उपग्रह लागत नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल. कारण मला नुसतं आमच्या तालुक्याचं गाऱ्हाणं मांडायचं असतं तर मी नाशिकला किंवा मुंबईला लिहिलं असतं.

दक्षिण आशियात मुक्त विद्यापीठांची सुरुवात आपण केलेली नाही. इस्लामाबादचं अल्लामा इक्बाल मुक्त विद्यापीठ १९७४ चं, इग्नूच्या अकरा वर्षं आधीचं. श्रीलंकेचं १९८० चं. बांगलादेशचं १९९२ चं, गाझीपूरला. नेपाळचं सगळ्यात धाकटं, २०१६ चं. वयानं आपण थोरले नाही. पण विद्यार्थ्यांच्या संख्येनं, भाषांच्या संख्येनं आणि पैशानं थोरले आहोत, आणि थोरल्याकडून शेजारी जी अपेक्षा ठेवतात ती ठेवतातच. सार्कच्या प्रमुखांची शेवटची बैठक २०१४ मध्ये काठमांडूला झाली आणि त्यानंतर ते व्यासपीठ थबकलेलं आहे. राजकारणाचं मला कळत नाही. पण विद्यापीठांनी एकमेकांशी बोलायला राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीची वाट बघावी लागत नसावी. आशियातल्या मुक्त विद्यापीठांची संघटना १९८७ पासून आहे, राष्ट्रकुलाची संस्था आहे, आणि दोन्हीकडे आपला शब्द वजनाचा आहे.

या सगळ्या देशांचा एक समान विद्यार्थी आहे, आणि तो कुणाच्याच अहवालात विद्यार्थी म्हणून येत नाही. पुण्यातल्या माझ्या भाच्याच्या इमारतीत रात्रपाळीला एक नेपाळी तरुण आहे. बारावी झालेला, पुढं शिकायची इच्छा असलेला. त्याच्या देशात आता मुक्त विद्यापीठ आहे, पण ते पुण्यात त्याला परीक्षेला बसवत नाही. आपली केंद्रं त्याच्या दारासमोर आहेत, पण तो आपला विद्यार्थी नाही. भारत-नेपाळ सीमा कामासाठी मोकळी आहे, १९५० च्या करारापासून. शिक्षणासाठी ती तितकी मोकळी नाही. बांगलादेशातले, श्रीलंकेतले लाखो कामगार आखातात आहेत, त्यांत बायकाही पुष्कळ. आपलेही आहेत. ही सगळी माणसं वर्षातला मोठा काळ परक्या मुलखात काढतात, हंगाम संपला की किंवा करार संपला की परततात, आणि त्यांच्या शिक्षणाचा धागा नेमका तिथं तुटतो. पाटोद्याच्या कोयत्याचा आणि नेपाळी पहारेकऱ्याचा प्रश्न एकच आहे.

आजवर आपण शेजाऱ्यांना जे दिलं ते वरून दिलं: उपग्रह, वाहिन्या, शिष्यवृत्त्या. त्याचा उपयोग झाला. आता आपल्याकडे द्यायला आणखी एक गोष्ट असू शकते, जी जगात कुणाकडेच धड नाही. फिरत्या माणसाला न तोडता शिकवायची रीत. ती आधी घरात करून बघावी लागेल. घरात न केलेली गोष्ट बैठकीत मांडली तर श्रीलंकेचा किंवा बांगलादेशचा प्रतिनिधी मान डोलावेल, पण घरी जाऊन ती करणार नाही.

आपल्याला घरातून सुरुवात करायची सवय आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्याच शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना अक्षरओळख करून द्यायची आणि शेवटी सगळ्या गावानं मिळून गाव साक्षर झाल्याचा सोहळा करायचा. ती नंतर महाराष्ट्रभर पसरली आणि १९७२ मध्ये युनेस्कोनं तिला क्रुप्स्काया पुरस्कार दिला. बाहेरच्या देशांनी दखल घेतली ती गावांत झालेल्या कामाची.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मुक्त विद्यापीठांच्या प्रवेश अर्जावर एका पत्त्याऐवजी दोन पत्ते असावेत: गावाचा आणि हंगामाचा. दुसऱ्या पत्त्याच्या जागी ‘अमुक कारखाना, अमुक तालुका, नोव्हेंबर ते मार्च’ एवढं लिहिता यावं, आणि त्या काळात तिथल्या सगळ्यात जवळच्या केंद्रानं त्या विद्यार्थ्याला आपला मानावा. हे राज्यात नाशिकचं विद्यापीठ एकट्यानं करू शकेल. राज्याबाहेरचं आपल्याशिवाय होणार नाही. म्हैसूरला कर्नाटकचं मुक्त विद्यापीठ आहे, अहमदाबादला गुजरातचं, चेन्नईला तमिळनाडूचं. आमचे ऊसतोड कामगार या तिन्ही राज्यांत जातात. या विद्यापीठांनी एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय स्वीकारावेत, परीक्षेला बसवावं, आणि अनुदान आयोगानं त्याला ‘राज्याबाहेरचं केंद्र’ न म्हणता ‘पाहुणा विद्यार्थी’ म्हणावं. दुकानदारीला यातून वाट मिळणार नाही, कारण पैसे कुणी कुणाकडून घेणार नाही आणि पदवी मूळ विद्यापीठाचीच राहील.

कारखान्यावर जागा असते. एकेकाळी कित्येक ठिकाणी मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा भरायच्या. तिथं मजुरांना ज्या दिवशी खर्ची मिळते, त्या बाजाराच्या दिवशी दोन तास एक समंत्रक बसला तरी पुष्कळ होईल. आमच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली, गावात हंगामी वसतिगृहं आली, त्यांचा फायदा आहे. मुलं मागं राहून शिकतील. पण आया मागं राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षणानंच ट्रकमध्ये चढायला हवं.

मराठी, बंगाली, नेपाळी, सिंहली या भाषांमध्ये स्वयंअध्ययनाची जी पुस्तकं आपापल्या देशांत लिहिली गेली, ती एकमेकांच्या भाषेत आणण्याचं एक काम भारतानं अंगावर घ्यावं. प्रादेशिक सहकार्य आजवर इंग्रजीत चाललं. गाझीपूरच्या विद्यापीठाची शेती आणि ग्रामविकासाची स्वतंत्र शाखा आहे आणि नाशिकचीही शेतीची आहे. भाताच्या, भाजीच्या, शेळीच्या धड्यासाठी बांगलादेशच्या बाईनं आणि बीडच्या बाईनं इंग्रजीच्या पुलावरून जायची काही गरज नाही.

आणि शेवटची विनंती. दक्षिण आशियातल्या मुक्त विद्यापीठांची एक बैठक फिरत्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावर बोलवा, आणि ती दिल्लीत न घेता पाटोद्यात घ्या. आमच्याकडे मोठं हॉटेल नाही, पण शाळेची सभागृहं आहेत, आणि उन्हाळ्यात ती रिकामी असतात. पाण्याचे टँकर सुरू झालेले असतील, पण पाहुण्यांना पाणी कमी पडू देणार नाही. नेपाळचे, बांगलादेशचे, श्रीलंकेचे कुलगुरू येऊ देत. म्हैसूरचे आणि नाशिकचेही. समोरच्या खुर्च्यांवर आम्ही ऊसतोड करणाऱ्या बाया-माणसांना बसवू. कोणत्या महिन्यात कुठं असतो, किती वाजता उठतो, कुठल्या दिवशी हात रिकामा असतो, हे तेच सांगतील. वेळापत्रक त्यावरून तिथल्या तिथं फळ्यावर मांडता येईल. खडू माझ्याकडे आहे.

फक्त तारीख दसरा आणि गुढीपाडवा यांच्या मधली नको. तेव्हा खुर्च्यांवर बसायला कुणी नसेल. मे महिन्याचा दुसरा आठवडा धरा. पट्टा पडलेला असतो, लग्नसराई निम्म्यावर आलेली असते, आणि नवी उचल अजून कुणी घेतलेली नसते.

आपली,
एक निवृत्त समंत्रक
पाटोदा, जि. बीड